मागून कोण येतंय

बाबांच्या कानातून सगळ्यात आधी फुलटोचा गेला.

आमच्या आवारातल्या आंब्यावर बांडगूळ आहे. त्याच्या फळांवर फुलटोचा जगतो, अंगठ्याएवढा पक्षी, दिवसभर चिकचिक करत असतो. चार वर्षांपूर्वी एका सकाळी चहा घेता घेता बाबा म्हणाले, "यंदा फुलटोचा आलाच नाही गं." तेव्हा तो त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर बसून बोलत होता. मी मान खाली घालून बिस्किट चहात बुडवलं. त्यानंतर चष्मेवाला गेला, मग सूर्यपक्षी.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. डावीकडून बरी चाललेली रेघ उजवीकडे आली की कसाऱ्याच्या घाटासारखी उतरत होती. वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, हा त्याचा अर्थ. बायकांचं, लहान मुलांचं बोलणं तुटक पोचतं आणि बारीक पक्षी तर पोचतच नाहीत. यंत्र बसवलं. त्याने माणसं परत आली, पक्षी मात्र फारसे आले नाहीत.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. पक्ष्यांचा नाद त्यांना नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वरने लावला. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. पाण्याबरोबर गाळही अडला, गाळाची बेटं झाली, बेटांवर पाणवनस्पती वाढल्या आणि त्यांच्यामागून पक्षी आले. बाबा म्हणत, "इंजिनीअरने पाण्याचा हिशेब केला होता, गाळाचं हे देणं त्याच्या हिशेबात नव्हतं." १९८६ साली तिथे अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत महाराष्ट्रातलं पहिलं नाव त्याचं लागलं. पण मला ते आठवतं बाबांच्या स्कूटरवरून. पहाटे निफाडच्या द्राक्षबागांमधून जाताना थंडीने बोटं आखडायची. चापडगावला पोचलो की बाबा दुर्बीण माझ्या गळ्यात घालायचे आणि म्हणायचे, "डोळे मिट. आधी ऐक."

आता तेच वाक्य त्यांना म्हणता येत नाही. ते बोलून दाखवत नसत, पण रविवारी सकाळी बूट घालायला वेळ लावू लागले.

म्हणून श्रीलंका. आमच्या नाशिकच्या पक्षीवेड्या मंडळींनी फेब्रुवारीतली नऊ दिवसांची सहल ठरवली होती: अकरा माणसं, एक छोटी बस, एक चालक आणि सगळी वाट सोबत राहणारा एक वाटाड्या. बाबा आधी नको म्हणाले. "मी ऐकणार काय?" मी म्हटलं, "बघायला चला. मी ऐकते आणि सांगते." मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. शेवटी त्यांनी नोंदवही बॅगेत टाकली, तेव्हा कळलं की येणार.

श्रीलंका म्हणजे जेमतेम ६५ हजार चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा. तेवढ्यात ३०हून अधिक पक्षी असे की ते जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. समुद्राची पातळी खाली गेली की भारत आणि लंकेमधली जमीन उघडी पडायची, हे हिमयुगांत अनेकदा घडलं. तरीही नैऋत्येकडची ओली जंगलं वेगळीच राहिली, कारण त्यांच्या आणि आपल्या घाटाच्या मध्ये कोरडा, काटेरी प्रदेश पसरलेला होता. पावसाच्या जंगलातला पक्षी तो ओलांडत नाही. पाणी तेवढं वेगळं करतं असं मला वाटायचं. कोरडी जमीनही तेच करते, हे तिथे कळलं. शास्त्रज्ञ मात्र पश्चिम घाट आणि श्रीलंका यांना जैवविविधतेचा एकच प्रदेश धरतात. आमच्या त्र्यंबकच्या डोंगरावरचा पाऊस आणि लंकेतल्या सिंहराजाच्या जंगलातला पाऊस चुलत भाऊ लागतात, असं म्हणायला हरकत नाही.

वाटाड्या पस्तिशीचा होता. मला पहिल्या दिवसापासून 'अक्का' म्हणाला. मी चमकले, तर तो म्हणाला, सिंहलीत थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. माझ्या आजीला सगळी पंचवटी अक्का म्हणायची. बाबांना तो अंकल म्हणे. कातुनायकेच्या विमानतळावरून बस निघाल्यावर त्याने पाहिलं की बाबांशी बोलताना मी त्यांच्या उजव्या बाजूला वळते. त्याने स्वतःच्या कानाला हात लावून विचारलं, "कन?" बाबा लगेच म्हणाले, "कान!" मग दोघांना खेळच मिळाला. दत म्हणजे दात, अत म्हणजे हात, गम म्हणजे गाव. दोन तासांच्या रस्त्यात त्यांनी निम्मं शरीर आणि अर्धं घर जुळवून काढलं. इंग्रजीत बाबा सावध बोलतात, या जुळवाजुळवीत खुलले.

तिथला रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, पण शांत. दोन्ही बाजूंनी माड, केळी, रबराची रांगेत लावलेली झाडं, मध्येच भाताचं खाचर आणि त्यात बगळे. लाल सरकारी बस अंगावर येते आणि शेवटच्या क्षणी बाजूला होते. चालक कुठेही थांबायला तयार. तारेवर खंड्या दिसला तरी थांब म्हटलं की थांबायचा. प्रवास वेगात झाला नाही, हेच त्यातलं सुख होतं.

पहिला मुक्काम कितुलगल. केळणी नदी ओलांडून पलीकडच्या जंगलात जायचं होतं, एका घुबडासाठी. त्या घुबडाची गोष्ट बाबांना मी आधीच वाचून दाखवली होती. १९९५ साली तिथले पक्षी अभ्यासक दीपाल वारकागोडा यांनी या जंगलात रात्री एक आवाज ऐकला. आखूड, हळुवार शीळ. बेटावरच्या कुठल्याच ज्ञात पक्ष्याशी तो जुळेना. सहा वर्षं तो फक्त आवाज होता. २००१ च्या जानेवारीत सिंहराजात तो पक्षी त्यांना दिसला आणि २००४ मध्ये सेरेंदिब घुबड म्हणून जगापुढे आला. शंभराहून अधिक वर्षांनी श्रीलंकेत नवा पक्षी सापडला होता.

तो जगापुढे मांडताना वारकागोडांच्या जोडीला पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन होत्या. हे नाव आम्हा उत्तर महाराष्ट्रातल्या लोकांना घरच्यासारखं आहे. १८८४ नंतर कुणालाच खात्रीने न दिसलेला आपला रानपिंगळा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला, तो रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना. एकशे तेरा वर्षांनी! खानदेशातला रानपिंगळा आणि लंकेतलं हे घुबड, दोघांच्या कपाळावर एकाच बाईंचा हात आहे. बाबा हे ऐकून म्हणाले होते, "एक डोळ्यांनी सापडला, एक कानांनी."

वाटाड्या आम्हाला पायवाटेवर बसवून एकटाच उतारावर उतरला. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावणं त्याला पसंत नव्हतं आणि मला तो त्यामुळेच फार आवडला. आपल्या फोटोसाठी पक्ष्याला खोट्या शत्रूमागे धावायला लावायचं, हे मला चोरीसारखं वाटतं. तासाभराने तो परत आला, गुडघ्यापर्यंत चिखल, मनगटावर रक्त आणि तिथेच चिकटलेली जळू. एकेकाला हाताने धरून घेऊन गेला. नेच्यांच्या गर्दीत, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, वाळलेल्या पानाच्या रंगाचं मूठभर घुबड डोळे मिटून बसलं होतं. बाबांना ते माझ्याआधी दिसलं. त्यांनी माझ्या पाठीवर बोटाने दिशा काढली: डावीकडे, जरा खाली, थांब. लहानपणी ते अशीच पाठीवर अक्षरं काढायचे आणि मी ओळखायची.

संध्याकाळी तीच शीळ लांबून आली. सगळे श्वास रोखून उभे. बाबांनी यंत्राची कळ फिरवली, मान तिरकी केली. मग माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली. नाही. मी त्यांचा हात धरला आणि जेव्हा जेव्हा आवाज आला तेव्हा तेव्हा दाबला. आठ वेळा. नोंदवहीत त्यांनी लिहिलं, "घुबड. पाहिलं. आठ हाका."

दुसऱ्या दिवशी रत्नपुरावरून सिंहराजाकडे निघालो. वाटेत रत्नांचे बाजार लागतात. आमच्यापैकी कुणी उतरलं नाही.

सिंहराजाबद्दल मला सावकाश लिहायचं आहे.

हे सखल प्रदेशातलं पावसाचं जंगल, १९८८ पासून जागतिक वारसा. कुडावाकडून आत शिरलो तेव्हा नुकताच पाऊस थांबला होता. जळवांसाठी गुडघ्यापर्यंत कापडी मोजे चढवलेले. आत उजेड हिरवा, पाणी ठिबकण्याचा आवाज आणि पक्षी एकही नाही. पहिला दीड तास अक्षरशः काहीच नाही. आपल्याकडे बोरगडला किंवा हरसूलच्या रानात असं होत नाही, काहीतरी इकडेतिकडे चालूच असतं. इथे जंगल रिकाम्या देवळासारखं. माझी चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी कुजबुजलं, चुकीच्या वाटेने आलो का? वाटाड्या एका दगडावर बसला होता. म्हणाला, "ते वाटेत आहेत. एकत्र येतील."

त्याने समजावून सांगितलं. या जंगलात पक्षी एकेकटे विखुरलेले सापडत नाहीत. वेगवेगळ्या जातींचे पक्षी मिळून एक मेळा करतात आणि तो दिवसभर रानातून फिरतो. सरथ कोटागामा आणि एबेन गुडेल या अभ्यासकांनी असे शेकडो मेळे मोजले, तर एकेका मेळ्यात सरासरी अकरा-बारा जाती आणि चाळीसेक पक्षी निघाले. पानं उलथली की किडे उडतात, ते पुढच्याला चुकले तर मागच्याला मिळतात. ससाणा आला तर चाळीस जोडी डोळे आहेत. मेळा नसेल तिथे रान सुनसान, आणि मेळा आला की उभं राहायला जागा पुरत नाही.

"मग मेळ्यात पुढे कोण असतं?" मी विचारलं. मला वाटलं निळा मॅगपाय असेल, नाहीतर धनेश. काहीतरी दिमाखदार.

तो हसला. "तुमच्याकडे घरामागे असतात ना, सात-आठ मिळून फिरतात, खूप बडबड करतात? इंग्रजीत सात बहिणी म्हणतात."

"सातभाई?"

"त्यांचेच नातेवाईक. नारिंगी चोचीचे. ते मेळ्याचा कणा. त्यांचा गलबला ऐकून बाकीचे येतात."

हे मी बाबांना त्यांच्या उजव्या कानाशी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बाबांची नोंदवही गेली चाळीस वर्षं एकाच ओळीने संपते: "इतर नेहमीचे." त्या ओळीत कावळा, साळुंकी, चिमणी, पारवा आणि सातभाई असतात. मीही तेच शिकले. सातभाई कुंपणावर कलकलाट करत आले की मी दुर्बीण खाली ठेवते.

पुन्हा शांतता. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. आणि मग बाबांनी हात वर केला.

मला काही ऐकू आलं नव्हतं. वाटाड्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग रानाकडे. बाबांचं बोट उजवीकडच्या उताराकडे होतं. "तिकडे. भांडतायत." आणखी काही क्षण गेले आणि मलाही आलं. दुरून येणारी कर्कश, न थांबणारी, एकमेकांच्या तोंडातून वाक्य ओढून घेणारी बडबड. सार्वजनिक नळावर असावी तशी. आलेखातली रेघ घाट उतरण्याआधी जिथे अजून सपाट आहे, तिथला हा आवाज. फुलटोचा गेला, चष्मेवाला गेला, घुबडाची लांबची हळुवार शीळ पोचली नाही, पण सातभाईंच्या कलकलाटाला बाबांच्या कानात अजून जागा होती. सगळी बारीक गर्दी निघून गेल्यामुळे तो त्यांना आमच्याआधी पोचला असेल का, कोण जाणे.

मग ते आलेच. आधी तांबूस-तपकिरी, नारिंगी चोचींचे सातभाई, पानं उलथत, फांदीवरून फांदीवर. त्यांच्या वर लांब शेपटीचा कोतवाल. हा कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या हाकांची हुबेहूब नक्कल करतो आणि त्याच्या त्या नकलाच मेळ्याला गोळा करायला मदत करतात, असं त्याच दोन अभ्यासकांनी दाखवलं आहे. कोतवालामागे राखाडी डोक्याचे लाफिंगथ्रश जमिनीलगत. मग उंचावर लाल चेहऱ्याचा मालकोहा, ज्याच्यासाठी माणसं जगाच्या पाठीवरून इथे येतात. एक कर्णा, लाल पोटाचा, आपल्या सह्याद्रीतही असतो तसाच. पांढऱ्या तोंडाच्या मैना. आणि सगळ्यात शेवटी निळ्या मॅगपायची जोडी, करड्या तांबड्या डोक्याची, निळाई अशी की डोळा तिथून हलत नाही. कावळ्याच्याच कुळातला पक्षी, त्याला सिंहलीत केहिबेल्ला म्हणतात.

सगळं मिळून दहा मिनिटं. मेळा आमच्या डोक्यावरून, पायांजवळून, दोन्ही बाजूंनी गेला आणि रान परत देऊळ झालं. दूर उतरणीवर कलकलाट ऐकू येत राहिला. आम्हाला तो ऐकू येईनासा झाल्यावरही बाबा थोडा वेळ त्या बाजूला मान करून उभे होते.

त्या रात्री विश्रामगृहात मिणमिणत्या दिव्याखाली ते लिहीत बसले. मी डोकावले नाही.

पुढचे दिवस भरभर गेले. उडवलवेला हत्ती दिसले, पण जीपच्या रांगा लागल्या की माझं मन उडतं. बुंदल हे श्रीलंकेचं पहिलं रामसर पाणथळ, १९९० सालचं. तिथे चित्रबलाक, मुग्धबलाक, शेकाटे पाहून बाबा म्हणाले, "हे तर चापडगाव." तिस्साच्या रस्त्याला मडक्यातलं म्हशीचं दही विकायला असतं. त्यावर कितुल माडाचा काकवीसारखा पाक ओततात. ते दही मला आजही आठवतं.

मग बस घाट चढू लागली. चहाचे मळे, धबधबे, थंडी. नुवारा एलिया हे गाव सुमारे १८६८ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दोनशे मीटर उंचावर बाजारपेठ, टपाल कार्यालय आणि शाळा. गावाजवळ हकगलाच्या वाटेवर सीता एलिया लागतं. ओढ्याकाठी सीतेचं देऊळ आहे, तीच अशोकवाटिका अशी तिथली श्रद्धा. आमची बस पंचवटीच्या माणसांनी भरलेली. काळारामामागे सीतागुंफेत वाकून शिरत आम्ही लहानाचे मोठे झालो. गोष्टीचं एक टोक आमच्या घराजवळ आणि दुसरं इथे ओढ्याकाठी. कुणी फार बोललं नाही.

बाबांनी मात्र जटायूची आठवण काढली. आमच्याकडे इगतपुरी तालुक्यात टाकेदला जटायू पडला असं मानतात, तिथे त्याचं देऊळ आहे. बाबांच्या लहानपणी म्हसरूळच्या बाजूला मेलेल्या जनावरावर गिधाडांची गर्दी उतरायची. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णव संपली होती. आता अंजनेरीच्या कड्यावर दिसली तर दिवस सार्थकी लागतो. बाबांनी वाटाड्याला विचारलं, "इथे गिधाडं?" तो म्हणाला, "इथे ती राहत नाहीत, अंकल." बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे तो इथपर्यंत पोचलाच नाही, हे खरं."

संध्याकाळी गावातल्या व्हिक्टोरिया बागेत गेलो. बागेतून एक कळकट ओढा जातो. त्याच्या काठावर पालापाचोळ्यात एक पक्षी उड्या मारत होता. हिरवी पाठ, निळी झळाळी, पोटाखाली लाल, आखूड शेपटी. नवरंग! बाबा जागीच थांबले. मी चौथीत असताना जूनमध्ये एक दमलेला नवरंग आमच्या गच्चीत पडला होता. बाबांनी त्याला बुटाच्या खोक्यात ठेवलं, झाकणाला भोकं पाडली, दिवसभर घरात कुणाला मोठ्याने बोलू दिलं नाही आणि संध्याकाळी नदीकाठच्या झाडीत सोडला. पावसाळ्यात आपल्या रानांत घरटी करणारा हा पक्षी हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. इथे त्याला अविच्चिया म्हणतात. वाटाड्याने सिंहली गोष्ट सांगितली: मोराने याचा सुंदर अंगरखा उसना नेला आणि परत केलाच नाही, म्हणून तो अजून मागत फिरतो.

अंधारताना नवरंग बोलला, दोन सुरांची स्वच्छ शीळ. मी बाबांचा हात दाबला. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "हो. आला. कडेकडेने आला."

हॉर्टन प्लेन्सला धुकं होतं. जगाचा शेवट म्हणतात तो कडा पांढऱ्या भिंतीमागे राहिला.

घरी परतल्यावर सामान लावताना मी नोंदवही उघडली. सिंहराजाच्या पानावर पहिली नोंद मालकोह्याची नव्हती, मॅगपायचीही नव्हती. "सातभाई (नारिंगी चोच). ऐकले." 'ऐकले'च्या खाली दोन रेघा होत्या. त्या पानाच्या शेवटी "इतर नेहमीचे" ही ओळ नव्हती.

मार्च लागला आहे. आंब्याला मोहर धरलाय. आज सकाळी बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. कुंपणापलीकडून सातभाईंचा गलका आला. एक, दोन, मग सगळेच, जास्वंदीखाली पाला उलटापालटा करत. मी ओट्यापाशी होते. बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि आवाज दिला, "दुर्बीण घेऊन ये."

"सातभाई आहेत, बाबा."

"ते कळलं मला. मागून कोण येतंय ते बघायचंय."

मी हात पुसत बाहेर आले. कोतवाल तारेवर येऊन बसला होता. त्याच्यामागे आंब्यात टकाचोर. बाबांनी बोटाने थांब म्हटलं. बांडगुळाच्या आसपास काहीतरी बारीक हललं. मी त्यांचा हात धरला आणि दाबला.